परत निळी झालेली नळी: लोह घातलेला टायटॅनिया आणि रबाळ्याचं रंगपाणी

पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी एम.एस्सी.ला भौतिक रसायनशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाचे चार-पाच प्रकल्प माझ्याकडे येतात आणि त्यातला एक तरी पाण्यातला रंग घालवण्याचा असतो. कारण उघड आहे. आमच्याकडे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा, जुना पण चालणारा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, नमुने भाजायला मफल फर्नेस आहे, मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्याची बाटली वर्षानुवर्षं संपत नाही, आणि खिडकीतून ठाणे-बेलापूर पट्ट्यातली धुराडी दिसतात. प्रकल्पाची प्रस्तावना खिडकीबाहेर बघूनच लिहिता येते.

ज्या प्रकल्पाबद्दल लिहितेय त्यातल्या कोणाचंच नाव देत नाही. विद्यार्थिनी ऐरोलीची. तिच्या मामांचं रबाळ्याला होजिअरी कापड रंगवण्याचं छोटं युनिट आहे. पुढे ते आमच्या लॅबमध्ये इतक्या वेळा आले की सगळ्यांचेच मामा झाले, तेव्हा त्यांना मामाच म्हणते.

विषय असा. टायटॅनियम डायऑक्साइडवर, म्हणजे टायटॅनियावर, प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात उडतो, खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरतं, आणि ही जोडी पाणी आणि प्राणवायूशी भिडून हायड्रॉक्सिलसारखे जहाल मूलक (फ्री रॅडिकल) तयार करते. हे मूलक रंगद्रव्याचे लचके तोडतात. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून या विषयाला जोर आला. अडचण एकच, पण मोठी. अ‍ॅनाटेज रूपातल्या टायटॅनियाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वर उडवायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच प्रकाश त्याला चालतो. उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. उरलेलं ऊन त्याच्या दृष्टीने वाया जातं. म्हणून त्याच्या स्फटिकाच्या जाळीत थोडा दुसरा धातू घालायचा, दोन पट्ट्यांच्या मधे ऊर्जेची एखादी पायरी तयार करायची आणि दिसणाऱ्या प्रकाशावर काम होतं का ते बघायचं. यालाच डोपिंग म्हणतात.

कोणता धातू? चांदी महाग, आणि तिचा आयन टायटॅनियमच्या आयनपेक्षा इतका मोठा की तो जाळीत शिरण्याऐवजी बहुतेक पृष्ठभागावर कणांच्या रूपात बसतो. तांबं पाण्यात सुटून आलं तर तेच नवं प्रदूषण. लोह स्वस्त, फेरिक नायट्रेट कपाटातच होतं, आणि फेरिक आयनची त्रिज्या ०.६४५ अँगस्ट्रॉम, टायटॅनियमची ०.६०५, म्हणजे जागा बदलायला सोयीची. हा निर्णय दहा मिनिटांत झाला आणि तो चुकला असं मला आजही वाटत नाही. पुढचे चुकले.

काय केलं आणि काय दिसलं

सोल-जेल पद्धत, म्हणजे द्रावणाचं आधी जेल करायचं आणि मग ते भाजायचं. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, मोजलेलं फेरिक नायट्रेट. पावसाळ्यात आयसोप्रोपॉक्साइडची बाटली उघडली की हवेतल्या ओलाव्यानेच तिच्या तोंडाशी पांढरी साय धरते, त्यामुळे विद्यार्थिनी ढगाळ दिवशी काम टाळायची. नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे टाळणं म्हणजे काम न करणंच. तरी तिने ०.५, १, २ आणि ५ अणुटक्के लोहाचे चार नमुने आणि एक साधा, बिनलोहाचा, असे पाच नमुने केले. ४५० अंशांना दोन तास भाजले. साधा नमुना पिठासारखा पांढरा, ०.५ टक्केवाला हस्तिदंती, आणि ५ टक्केवाला चक्क बेसनाच्या लाडवाच्या रंगाचा.

एक्स-रे विवर्तनात (स्फटिकाची रचना ओळखायच्या चाचणीत) २५.३ अंशांवर अ‍ॅनाटेजचं ठळक शिखर आलं, लोहाच्या ऑक्साइडचं वेगळं शिखर दिसलं नाही. 'लोह जाळीत गेलं' असं आम्ही लिहून टाकलं. खरं तर एक-दोन टक्के ऑक्साइड बारीक विखुरलेला असेल तर या यंत्राला तो दिसतही नाही. न दिसणं हा पुरावा धरू नये, हे मीच वर्गात सांगते.

मग मुख्य प्रयोग. दर लिटरला १० मिलिग्रॅम मेथिलीन ब्ल्यू, त्यात लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने पावडर, ५०० वॉटचा हॅलोजन दिवा. तीस मिनिटं अंधारात ढवळायचं, मग दिवा लावायचा, दर वीस मिनिटांनी नमुना काढून ६६४ नॅनोमीटरवर वाचन. दोन तासांत ०.५ टक्केवाल्या नमुन्याने ९४ टक्के रंग घालवला. बीकरमधलं गडद निळं पाणी नळाच्या पाण्यासारखं निवळलं. विद्यार्थिनीने दोन्ही बीकर शेजारी ठेवून फोटो काढला. त्या फोटोने पुढे बरंच काही केलं.

डिसेंबरमध्ये एका परिषदेचा सारांश पाठवायचा होता. तारीख जवळ आली होती. साध्या टायटॅनियाची तुलना त्याच दिव्याखाली झालेली नव्हती. दिव्यासमोर अतिनील गाळणारं काही नव्हतं. नुसता दिवा, पावडर न घालता, हाही प्रयोग राहिला होता. विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, ब्लँक करून मग पाठवूया का?" मी म्हटलं, "सारांश आत्ता जाऊ दे, ब्लँक पोस्टरच्या आधी करू." ते झालं नाही. हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो सर्वस्वी माझा होता.

अडचण: मामांचा कॅन

तो फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. जानेवारीत मामा वीस लिटरचा कॅन घेऊन लॅबमध्ये हजर.

मामांच्या युनिटमध्ये सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवतात. या रंगांपैकी साधारण ६० ते ९० टक्के कापडावर बसतो, उरलेला पाण्याशी विक्रिया होऊन निकामी होतो आणि गटाराला लागतो. तो कापडावर बसावा म्हणून बाथमध्ये भरपूर ग्लॉबर सॉल्ट किंवा साधं मीठ, आणि शेवटी सोडा अ‍ॅश टाकून पीएच ११ च्या आसपास. रोज सुमारे वीस हजार लिटर पाणी बाहेर पडतं. ते प्राथमिक प्रक्रिया करून सामायिक सांडपाणी केंद्राकडे द्यायचं. सीओडीचा (पाण्यातलं सेंद्रिय प्रदूषण दाखवणाऱ्या आकड्याचा) त्रास आहेच, पण बाहेर पाणी लाल-काळं दिसलं की आकड्यांआधी तक्रार येते. पलीकडे खाडी आहे. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, त्यामुळे रंगीत पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

"मॅडम, हे माझं पाणी. तुमची ती जादूची पावडर टाका यात," मामा म्हणाले. काळ्या शेडचा लॉट होता. कॅन उजेडात धरला तरी आरपार काही दिसत नव्हतं.

आम्ही शंभर मिलिलिटर घेऊन पावडर टाकली, चार तास दिवा लावला. काही म्हणजे काही झालं नाही. सेंट्रिफ्यूज करून (गरगर फिरवून पावडर खाली बसवून) बघितलं, शोषणांकात (पाणी किती प्रकाश अडवतं त्या आकड्यात) फरक पाच टक्क्यांच्याही आत, तोही मोजणीच्या त्रुटीत जाईल एवढाच.

मामांनी मात्र एकच प्रश्न विचारला आणि तो आमच्यापैकी कोणीही सहा महिन्यांत विचारला नव्हता. "आणि ही पावडर पाण्यातून परत कशी काढायची?" हिशेब सोपा होता. लिटरला १ ग्रॅम म्हणजे वीस हजार लिटरला वीस किलो, रोज. लॅबमध्ये आम्ही दहा मिलिलिटर सेंट्रिफ्यूज करत होतो. नॅनो कण तासन् तास खाली बसत नाहीत, आणि ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर दोन मिनिटांत तुंबतो.

दुसरी अडचण: काकांनी धुवायला घेतलेली नळी

नुसतं मामांचं पाणी न सुटणं हा प्रश्न समजण्यासारखा होता. खरा धक्का आतून आला.

कोणता मूलक काम करतो हे पाहायला स्कॅव्हेंजर, म्हणजे ठरावीक मूलक टिपून घेणारी द्रव्यं, वापरतात: हायड्रॉक्सिलसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुपरऑक्साइडसाठी बेन्झोक्विनोन, होलसाठी ईडीटीए. ज्याचा स्कॅव्हेंजर घातल्यावर रंग जाणं मंदावतं, तो मूलक महत्त्वाचा. विद्यार्थिनीने ईडीटीए घातलं तर रंग जाणं मंदावण्याऐवजी वाढलं. तिला वाटलं तोलताना चूक झाली. तिने काठोकाठ भरून बूच लावलेल्या काही नळ्या खिडकीत उन्हात ठेवल्या आणि घरी गेली. सोमवारी सगळ्या नळ्या रंगहीन.

आमचे लॅबमधले काका भांडी धुवायला घेत होते. त्यांनी एका नळीतलं अर्धं पाणी ओतलं, उरलेल्यावर अंगठा ठेवून नळी हलवली आणि थांबले. "मॅडम, ही परत निळी होतेय."

खरंच होत होती. आधी फिकट, मग आणखी हलवल्यावर स्पष्ट आकाशी.

मेथिलीन ब्ल्यूला इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं ल्युको रूप होतं, ते रंगहीन असतं. हवेतला प्राणवायू मिळाला की तेच रूप परत निळं होतं. शाळेत दाखवतात तो निळ्या बाटलीचा प्रयोग, ग्लुकोज आणि अल्कली घेऊन करतात तो, हाच. ईडीटीए इलेक्ट्रॉन देत होतं, रंगद्रव्य स्वतः प्रकाश शोषून ते घेत होतं. त्या नळीत रेणूचा एक तुकडाही तुटलेला नव्हता. आमच्या मुख्य प्रयोगात ईडीटीए नव्हतं आणि बीकर उघडं होतं, त्यामुळे तिथे ल्युकोचा वाटा एवढा नसणार. पण 'रंग गेला म्हणजे रंगद्रव्य मोडलं' हे गृहीतक त्या नळीत आमच्या डोळ्यांसमोर कोसळलं.

मग मी जुन्या वाचनांचे पूर्ण आलेख काढायला लावले. आम्ही फक्त ६६४ वर आकडा घेत होतो. पूर्ण वर्णपटात शिखर नुसतं खाली येत नव्हतं, ते डावीकडे, कमी तरंगलांबीकडे सरकतही होतं. मेथिलीन ब्ल्यूवरचे मिथाइल गट एकेक करून निघाले की अ‍ॅझ्युर जातीची संयुगं होतात आणि असंच दिसतं. म्हणजे आमच्या ९४ टक्क्यांत 'मोडलेले' आणि 'जरा खरचटलेले' असे दोन्ही रेणू एकाच हिशेबात होते. शिवाय मेथिलीन ब्ल्यू दिसणारा प्रकाश स्वतःच शोषतं आणि उत्तेजित रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देऊ शकतो. डोप न केलेल्या टायटॅनियावरही हे घडतं. मग लोहाने काय केलं?

१९९४ मध्ये चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी २१ धातू-आयन टायटॅनियात घालून पाहिले होते. लोह उपयोगी ठरलेल्यांत होतं, तेही ०.१ ते ०.५ अणुटक्क्यांदरम्यान. आम्ही याच आधारावर ०.५ निवडलं होतं. त्यांची परीक्षा-द्रव्यं होती क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड. दोन्ही रंगहीन. लेख आम्ही वाचला होता आणि त्यातली टक्केवारी तेवढी उचलली होती. रंगहीन द्रव्यं का घेतली असतील, हा विचार मनात आला नाही. थोडक्यात, दिव्याने आमचा मामा केला होता आणि खरे मामा समोर बसून चहा पीत होते.

समोरचे पर्याय

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचा. परिषदेचं पोस्टर झालेलं, ९४ टक्के ठळक अक्षरांत छापलेलं.

पहिला पर्याय, आहे तसं सादर करायचं. खोटं काही नव्हतं, वाचनं खरी होती. बाह्य परीक्षकाने विचारलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं, आणि असे निष्कर्ष छापून येतात हे मुलांनाही ठाऊक असतं. विद्यार्थिनीला पुढे पीएच.डी.ला अर्ज करायचा होता, त्यामुळे हा मोह तिचाही होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन दिवस माझाही होता.

दुसरा पर्याय, विषय बदलून 'अधिशोषण', म्हणजे रंग पावडरीला नुसता चिकटणं, म्हणायचं. काही प्रमाणात ते खरंही ठरलं असतं, पण ती पळवाट.

तिसरा, रंग सोडून रंगहीन द्रव्य घ्यायचं. फिनॉल २७० नॅनोमीटरवर मोजता येतं आणि ते दिसणारा प्रकाश शोषत नाही, म्हणजे स्वतः मध्ये पडत नाही. धोका असा की आकडा इतका लहान येईल की प्रबंधाला काही उरणार नाही.

चौथा, मेथिलीन ब्ल्यूच ठेवायचं पण सगळे कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग) नव्याने करायचे आणि बाहेरून एकूण सेंद्रिय कार्बन मोजून घ्यायचा.

मामांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना उन्हाळ्याआधी ठरवायचं होतं: फेरस सल्फेट-चुन्याची जुनी पद्धत वाढवायची, फेंटनकडे (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग मोडायच्या पद्धतीकडे) जायचं, की आमच्या पावडरीची वाट बघायची. फेरस-चुन्याने गाळ फार होतो आणि तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवण्याचा खर्च. फेंटनला पीएच ३ लागतो, आणि त्यांचं पाणी ११ वर. तेवढं आम्ल रोज ओतायचं, मग परत अल्कलीने उदासीन करायचं.

आम्ही तिसरा आणि चौथा एकत्र घेतला. विद्यार्थिनीला मी स्पष्ट सांगितलं, "आकडा खाली येईल. तयारी आहे?" ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मॅडम, पोस्टरचं काय करायचं?" पोस्टर मागे घेतलं नाही. आयोजकांना पत्र लिहून सारांशातलं '९४ टक्के विघटन' बदलून 'अतिनील न गाळलेल्या दिव्याखाली ९४ टक्के रंगहानी' असं करायला सांगितलं. त्यांनी केलं. पत्राखाली सही माझी होती.

कृती

दिव्याचा प्रश्न सर्वात स्वस्तात सुटला. सोडियम नायट्राइटचं २ मोलर द्रावण ४०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश जवळजवळ पूर्ण खातं आणि वरचा जाऊ देतं. वाशीहून मासे ठेवायची छोटी काचेची टाकी आणली, त्यात ते पिवळट द्रावण भरलं आणि दिवा व बीकर यांच्यामध्ये ठेवलं. उष्णताही बरीच अडली. आधी दोन तासांनंतर बीकरला हात लावता यायचा नाही, हेही आम्ही कुठे नोंदलं नव्हतं. (कोणी करणार असेल तर हे द्रावण विषारी आहे आणि त्यात आम्ल पडू देऊ नये, नायट्रोजनचे तपकिरी वायू निघतात.)

अंधारातला वेळ तीसवरून नव्वद मिनिटं केला, कारण तीस मिनिटांत अधिशोषण थांबतच नव्हतं. दर वेळी ८०० नॅनोमीटरवरही वाचन घ्यायचं ठरवलं. तिथे रंगद्रव्य शोषत नाही, म्हणून तिथे आकडा दिसला तर तो न बसलेल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशाचा.

निकाल असे आले. टाकी मधे ठेवून दोन तास: नुसता प्रकाश, पावडर नाही, ९ टक्के रंग गेला. साधा टायटॅनिया, ४४ टक्के. ०.५ टक्के लोह, ५८. ५ टक्के लोह, ३९, म्हणजे साध्यापेक्षाही कमी.

तो ५ टक्केवाला नमुना शिकण्यासारखा. तो सर्वात पिवळा, दिसणारा प्रकाश सर्वात जास्त शोषणारा, टाउक आलेखावर (शोषणावरून बँड गॅप काढतात तो आलेख) त्याचा बँड गॅप सर्वात लहान. सुरुवातीला आम्ही त्याच्यावरच पैज लावली होती. पण लोह जास्त झालं की तेच इलेक्ट्रॉन आणि होल यांना एकत्र आणून विझवण्याची जागा बनतं. प्रकाश शोषणं एक आणि त्यातून काम काढणं दुसरं. त्याच नमुन्याच्या पाण्यात फिनॅन्थ्रोलीन (लोहाशी नारिंगी रंग देणारं द्रव्य) घातलं तर हलकी नारिंगी छटा आली, म्हणजे थोडं लोह सुटूनही येत होतं. ०.५ टक्केवाल्यात ती दिसली नाही.

फिनॉलवर, चार तासांत: साधा टायटॅनिया ३ टक्के, ०.५ टक्के लोह ११, ५ टक्के लोह ४. हा ११ चा आकडा काढायला तीन आठवडे गेले. प्रत्येक मालिका तीनदा केली, कारण एवढ्या लहान फरकात हात थरथरला तरी निष्कर्ष बदलतो.

कार्बनची गंमत वेगळीच. १० मिलिग्रॅम मेथिलीन ब्ल्यूमध्ये कार्बन असतो सहाच मिलिग्रॅम. डायक्रोमेटच्या नेहमीच्या सीओडी पद्धतीने एवढं मोजणं म्हणजे किराणा काट्यावर केशर तोलणं. म्हणून नमुने बाहेर पाठवून एकूण सेंद्रिय कार्बन मोजला. जुन्या पद्धतीच्या ९४ टक्के रंगहानीच्या नमुन्यात कार्बन ३० टक्क्यांच्या आसपासच कमी झालेला. उरलेला पाण्यात होता, रंगहीन.

मामांच्या पाण्याचं काय झालं तेही समजलं. आधी आम्हाला वाटत होतं 'खरं पाणी घाण असतं' एवढंच. पण त्यात तीन वेगळी कारणं होती. पहिलं, प्रकाश आत जातच नव्हता. शोषणांक २ म्हणजे एक सेंटिमीटर पाण्यातून एक टक्का प्रकाश पार, आणि ते पाणी त्याच्या कितीतरी पुढे. बीकरच्या पृष्ठभागाखाली सगळा अंधार, उत्प्रेरक अंधारात फिरत होता. दुसरं, टायटॅनियाचा पृष्ठभाग साधारण पीएच ६ ते ६.५ च्या वर ऋणभारित होतो, आणि रिॲक्टिव्ह रंगांवर सल्फोनेट गट, तेही ऋण. ११ पीएचला दोघं एकमेकांना ढकलतात. मेथिलीन ब्ल्यू धनभारित, म्हणून लॅबमध्ये ते लोहचुंबकासारखं चिकटत होतं. आम्ही नकळत सोपा पेपर निवडला होता. तिसरं, सोडा अ‍ॅशमधलं कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना स्वतःच खातं. पीएच खाली आणायला आम्ही आम्ल टाकलं तेव्हा बीकर सोड्याच्या बाटलीसारखं फसफसून टेबलावर आलं, तेव्हा कार्बोनेट किती आहे हे डोळ्यांना दिसलं.

पाणी वीसपट पातळ करून, पीएच ६ ला आणून, गच्चीवर मार्चच्या उन्हात पाच तास ठेवलं तेव्हा जवळपास अर्धा रंग गेला. विद्यार्थिनी खूश झाली. मामा म्हणाले, "वीस हजार लिटरचं चार लाख लिटर करू? एवढं पाणी असतं तर कापड चारदा धुतलं नसतं का?"

निष्पत्ती

प्रबंधाचं शीर्षक बदललं, 'कार्यक्षम' हा शब्द गेला. फिनॉलचा ११ टक्क्यांचा आलेख मुख्य झाला आणि मेथिलीन ब्ल्यूचं प्रकरण 'मापनातील त्रुटी' म्हणून गेलं. बाह्य परीक्षकांनी सर्वात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला. परत निळी झालेली नळी विद्यार्थिनीने तोंडी परीक्षेत त्यांच्यासमोर हलवून दाखवली.

मामांनी आमची पावडर घेतली नाही, आणि त्यांचा निर्णय बरोबर होता. त्यांनी दोन गोष्टी केल्या. रंगाच्या पहिल्या बाथचं पाणी आणि नंतरच्या धुण्यांचं पाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या केल्या. गडद, खारट पाणी थोडं असतं, धुण्याचं जास्त. आधी दोन्ही एकाच टाकीत मिसळून सगळंच बिघडवत होते. आता फेरस-चुना फक्त थोड्या पाण्यावर, म्हणून गाळही कमी. शिवाय काळ्या शेडसाठी जास्त प्रमाणात कापडावर बसणारे, दोन सक्रिय गट असलेले रंग घेतले. महाग, पण गटारात जाणारा रंग म्हणजे त्यांचेच पैसे, हे त्यांना समजावावं लागलं नाही.

शेवटच्या धुण्याच्या पाण्यासाठी, जे जवळपास पारदर्शक असतं, आम्ही मात्र एक प्रयत्न केला. पावडर परत काढण्याचा प्रश्न टाळायला ती खरखरीत, बिनझिलईच्या फरशीच्या तुकड्यांवर बसवून भाजली, उथळ ट्रेमध्ये लावली आणि पाणी दोन-तीन सेंटिमीटर खोलीने वाहू दिलं. युनिटच्या पत्र्यावर एप्रिल-मेमध्ये ट्रे चालला, फिकट गुलाबी छटा दुपारपर्यंत जायची. मेअखेर थरावर चिकट राखाडी साय धरली, ती ब्रशने काढली तर थरही थोडा निघाला. मग जून आला. ऑगस्टमध्ये मामांनी ट्रेचा फोटो पाठवला, काठोकाठ भरलेला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, पावसाचं पाणी एकदम स्वच्छ केलंय तुमच्या फरशीने."

वेगळं काय करता आलं असतं

जुलैत आयसोप्रोपॉक्साइडची बाटली उघडण्याआधी बाजारच्या टायटॅनियावर सगळे कंट्रोल करून घ्यायला हवे होते. तेव्हाच कळलं असतं की आमचा दिवा आणि मेथिलीन ब्ल्यू मिळून डोपिंगशिवायही अर्ध्याच्या आसपास रंग घालवतात. एका आठवड्याचं काम होतं, आणि ते आम्ही सहा महिन्यांनी केलं. आता माझ्याकडे नोंदवहीच्या पहिल्या पानावर पाच रकाने सक्तीचे आहेत: प्रकाशाशिवाय, पावडरीशिवाय, डोपिंगशिवाय, रंगहीन द्रव्यावर, आणि दोन तासांनंतरचं तापमान.

मामांना पहिल्या दिवशीच त्यांच्या पाण्याचा पीएच आणि शोषणांक मोजून दाखवला असता तर कॅन परत पाठवता आला असता. आम्ही तीन महिने त्यांना आशेवर ठेवलं. ते काही बोलले नाहीत, पण त्या काळात वाहिन्या वेगळ्या करायचं त्यांचं काम थांबलेलं होतं.

सारांशाच्या बाबतीत मी तारखेला शरण गेले. तो सारांश न पाठवता पुढच्या वर्षी पाठवला असता तर कोणाचंही नुकसान झालं नसतं.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. सगळ्या नमुन्यांचं पृष्ठफळ आम्ही मोजलंच नाही. लोह घातल्याने कण बारीक राहिले असतील तर फिनॉलवरचा ११ आणि ३ मधला फरक लोहाने तयार केलेल्या पायरीचा नसून नुसत्या जास्त पृष्ठभागाचाही असू शकतो. यंदाच्या तुकडीतल्या एका मुलाने दोन्ही नमुने पुड्यांत बांधून पृष्ठफळ मोजायला पवईला पाठवलेत. नंबर लागायला वेळ आहे, तोवर तो फिनॉलची मालिका चौथ्यांदा करतोय.